जोडीदाराला हलक्या रोड बाईकवर बसवताना

वर्षानुवर्षं रोड बाईक (डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची, अरुंद टायरची सायकल) चालवणाऱ्याला नवशिक्याच्या तीन भीती दिसेनाशा होतात: पुढे वाकून बसण्याची, अरुंद टायरची आणि मागे पडण्याची. पहिल्या दोन भीती सायकल अंगाच्या मापाला नीट बेतून दिली आणि मोकळ्या जागेत थोडा सराव करून घेतला की जातात. तिसरी पूर्णपणे तुमच्या वागण्यावर अवलंबून असते. म्हणून सुरुवातीच्या महिन्यात वेग, अंतर, चढाई यातलं काहीच मोजू नका. राईड संपल्यावर जोडीदाराला पुन्हा यावंसं वाटतंय का, एवढंच बघा. माझ्या नवऱ्याला मी सायकलवर आणलं तेव्हा हीच एक कसोटी ठेवली होती, आणि खालचा क्रमही तिच्यावरच बेतलेला आहे.

हलकेपणाचा फायदा नेमका किती

रोजच्या वापरातली साधी सायकल १५ किलोच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही जड असते. ॲल्युमिनियमची रोड बाईक साधारण ९ ते १०.५ किलोंची, कार्बनची ७ ते ८.५ किलोंची. त्याहून खाली जाण्यात नवशिक्याला काही अर्थ नाही. व्यावसायिक शर्यतींतसुद्धा यूसीआय या जागतिक संघटनेच्या नियमामुळे २००० सालापासून सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी चालत नाही.

चढावर वजन थेट जाणवतं. माणूस ६५ किलोंचा आणि सायकल १५ किलोंची असेल तर वर न्यायचं ओझं ८० किलो. तीच सायकल ८.५ किलोंची झाली की ओझं ७३.५ वर येतं, म्हणजे सुमारे ८ टक्के कमी. अर्ध्या तासाच्या उभ्या चढावर तेवढ्याच दमात दोन-अडीच मिनिटं वाचतात. सपाट रस्त्यावर मात्र वजनाचा फारसा संबंध उरत नाही, तिथे झुंज हवेशी असते. तरीही पहिल्याच फेरीत ‘किती हलकी पळते!’ असं जोडीदार म्हणतो, ते मुख्यतः चांगल्या टायरमुळे, योग्य गिअरमुळे आणि थोडं वाकून बसल्यामुळे. थांबून पुन्हा निघतानाही हलकी सायकल चटकन वेग घेते, आणि नवशिक्या तर सारखा थांबत असतो.

याची दुसरी बाजू जोडीदाराला आधीच सांगून ठेवा. रोड बाईकच्या दोन चाकांमधलं अंतर कमी असतं, हँडल जरा हलवलं तरी सायकल वळते, आणि आडवा वारा आला की पुढचं चाक बाजूला सरकतं. याची कल्पना नसेल तर माणसाला वाटतं की आपल्यालाच तोल सांभाळता येत नाही.

सायकल बेतून देणं

घरात तुमची जुनी सायकल पडून आहे म्हणून तीच जोडीदाराला द्यायचा मोह होतो. उंचीत चार-पाच सेंटिमीटरचा फरक असेल तर जमून जाईल. त्याहून जास्त असेल तर देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सीट वर-खाली करता येते. सीटपासून हँडलपर्यंतची लांबी मात्र फ्रेमने ठरवलेली असते. आखूड स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) लावून दोन-तीन सेंटिमीटर कमी होतील, त्यापलीकडे सायकल विचित्र वळायला लागते. मोठ्या फ्रेमवर ताणून बसलेला नवशिक्या तासाभरात मान, खांदे आणि तळहात दुखून बेजार होतो आणि दोष स्वतःला देतो.

सीटच्या उंचीपासून सुरुवात करा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांत जाडसर पुस्तक सीटसारखं घट्ट वर दाबून धरायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. या मापाला ०.८८३ ने गुणलं की क्रँक (पॅडलचे दांडे) ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते. माप ८० सेंटिमीटर आलं तर सीट ७०.६ वर. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ताळा करायला टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली न्या: गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पायाचा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो.

इथे एक तडजोड करायची आहे. सीट बरोबर उंचीवर असली की बसल्या जागेवरून पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. म्हणून पहिल्या काही राईडसाठी सीट हिशेबापेक्षा दोन सेंटिमीटर खाली ठेवा आणि मग दर वेळी अर्धा सेंटिमीटर वर घ्या. मात्र ती खालीच राहू देऊ नका. खालच्या सीटवर गुडघा जास्त दुमडतो आणि पुढून दुखायला लागतो.

सीट पुढे-मागे करण्यासाठी दोन्ही क्रँक आडव्या रेषेत आणा. पुढच्या गुडघ्याच्या समोरून सोडलेला ओळंबा पॅडलच्या आसावर पडला की सुरुवातीला पुरेसं आहे. सीट सपाट ठेवा, फार तर एक-दोन अंश पुढे झुकवा. जास्त झुकवली तर माणूस घसरत पुढे येतो आणि सगळा भार हातांवर पडतो. सीटची रुंदी बसण्याच्या दोन हाडांमधल्या अंतरावर ठरते, मऊपणावर नाही. जाड गादीची सीट दुकानात सुखाची वाटते, पण तासाभरानंतर तीच मऊ गादी हाडांच्या मधल्या नाजूक भागावर दाब आणते.

हँडल पहिले काही महिने शक्य तितकं उंच ठेवा. स्टेमखाली रिंगा असतील तर त्या तिथेच राहू द्या. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचतात का, हे बहुतेक जण तपासतच नाहीत. हात लहान असेल तर लिव्हर जवळ आणायचा छोटा स्क्रू बहुतेक आधुनिक लिव्हरमध्ये असतो. हुडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर, हात ठेवून दोन बोटांनी ब्रेक सहज दाबता आला पाहिजे. ते जमत नसेल तर राईडला निघूच नका.

हलक्या सायकलीचे बोल्ट आवळताना हाताचा अंदाज पुरत नाही. स्टेम आणि सीटपोस्टजवळ (सीटचा फ्रेममध्ये जाणारा दांडा) किती न्यूटन-मीटर जोराने आवळायचं ते छापलेलं असतं, बऱ्याचदा ५ च्या आसपास. किती जोर लागतोय ते दाखवणारा टॉर्क पाना वापरा. कार्बनचा सीटपोस्ट अंदाजाने पिळला तर त्याला न दिसणारी चीर पडू शकते. सीटपोस्टवर किमान किती भाग फ्रेममध्ये राहायला हवा याची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये.

टायर २८ मिलिमीटरचे असावेत, फ्रेममध्ये मावत असतील तर ३२ चे. २३ मिलिमीटरचे अरुंद टायर नवशिक्याला देण्याचं आता काहीच कारण नाही. ६०-६५ किलोंच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये पुढे ६५ आणि मागे ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पासून सुरुवात करता येईल. ३२ चा टायर असेल तर आणखी दहा-पंधरा कमी. मर्यादा टायरच्या बाजूवर आणि रिमवर लिहिलेली असते, ती ओलांडायची नाही. जास्त हवा म्हणजे जास्त वेग, हा समज खडबडीत रस्त्यावर खोटा ठरतो. तिथे सायकल उडत राहते आणि त्या उडण्यातच जोर वाया जातो.

गिअरबद्दल मी हट्टी आहे. पुढे ५०-३४ दात्यांच्या चकत्यांची जोडी आणि मागे सर्वांत मोठी चकती ३४ ची असेल तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्याला चाकाचाही एकच फेरा होतो, म्हणजे सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. जुन्या शर्यतीच्या सायकलीवर पुढे ३९ आणि मागे २५ एवढाच हलका गिअर असेल, तर त्याच ६० फेऱ्यांना वेग पावणेबारा येतो. उभ्या चढावर नवशिक्याला तो वेग झेपत नाही. मग तो उभा राहून गुडघ्यांवर जोर देतो किंवा उतरून ढकलत नेतो. महागडी कार्बन फ्रेम आणि जड गिअर यापेक्षा साधी ॲल्युमिनियमची फ्रेम आणि हलके गिअर कधीही बरे.

कपड्यांचं थोडक्यात: पॅड असलेली सायकलिंगची शॉर्ट घ्या आणि तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, कारण त्याची शिवणच घासते. हे बोलायला नवशिक्याला संकोच वाटतो, म्हणून तुम्हीच सांगा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं राहील असं, पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीच्या आकारात आणि हनुवटीखाली जेमतेम बोटभर जागा. पॅडल सुरुवातीला सपाट, बूट कडक तळव्याचे. क्लीटचा (बूट पॅडलला अडकवणाऱ्या तळव्याखालच्या तुकड्याचा) विषय आत्ता काढूच नका.

मोकळ्या जागेत एक सकाळ

रस्त्यावर जाण्याआधी रिकामं मैदान किंवा वाहनं नसलेली डांबरी जागा शोधा. दीड तास पुरेल. बहुतेक नवशिक्यांना सायकल येतच असते, म्हणून हा टप्पा गाळला जातो. पण त्यांना येत असते ती सरळ बसायची, रुंद टायरची सायकल. इथे चढणं, उतरणं, ब्रेक लावणं, सगळंच थोडं वेगळं आहे.

आधी चढणं-उतरणं. सीटवर बसून चवड्यांवर तोल धरत निघायची जुनी सवय मोडायची आहे. सायकल दोन पायांमध्ये घेऊन सीटच्या पुढे उभं राहायचं, एक पॅडल वर आणि किंचित पुढे ठेवायचं आणि त्यावर पाय रोवून अंग उचलायचं. सायकल पुढे सरते आणि त्याच झटक्यात सीटवर बसता येतं. थांबताना उलट: ब्रेक लावत सीटवरून पुढे घसरायचं, एक पाय खालच्या पॅडलवर ठेवायचा आणि दुसरा जमिनीवर. हे न बघता होईपर्यंत करून घ्या. उंच सीटची भीती इथेच संपते.

मग ब्रेक. कोणता लिव्हर पुढच्या चाकाचा हे देशागणिक बदलतं, त्यामुळे या सायकलीवर कुठला ते आधी हाताने दाबून बघायला लावा. थांबवण्याचं बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो, कारण वेग कमी होताना भार पुढे सरकतो. पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटून पडतो, हे लहानपणापासून मनात बसलेलं असतं. तो अचानक करकचून दाबला आणि शरीर पुढे झुकलेलं असलं, तरच तशी वेळ येते. सराव असा: मध्यम वेगात या, कंबर मागे न्या, हात ताठर न करता रोवा आणि दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या दाबाने लावा. दर फेरीला थांबायचं अंतर थोडं कमी करा. मागचं चाक घसरायला लागलं तर मागचा ब्रेक जरा सैल सोडायचा. हा एकच सराव मी पुढच्या महिन्यातही पुन्हा करून घेईन, इतका तो महत्त्वाचा आहे.

गिअर बदलताना सांगायची गोष्ट एकच: पॅडल फिरत राहिलं पाहिजे, पण त्या क्षणी जोर कमी करायचा. कुठलं बटण काय करतं याचं व्याख्यान देऊ नका. ‘पाय जड झाले तर हे, मोकळे फिरायला लागले तर ते’ एवढं सांगून मैदानाला फेऱ्या मारू द्या. पुढची आणि मागची दोन्ही मोठी चकती एकाच वेळी वापरली तर चेन तिरकी ओढली जाते, हे दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी चालेल. थांबण्याआधी हलक्या गिअरवर येण्याची सवय मात्र आजच लावा.

हात हुडवर, कोपर थोडं वाकलेलं. पकड सैल आहे का हे बघायला, सायकल चालू असताना बोटं हलवून दाखवायला सांगा. ताठ कोपरांतून रस्त्याचा प्रत्येक हादरा खांद्यात जातो आणि हँडलही थरथरतं. शेवटी एक हात सोडून सरळ चालवणं आणि खांद्यावरून मागे बघणं. मान वळवली की सायकलही त्याच बाजूला वळते, ही नवशिक्याची खोड असते. मागे उभं राहून बोटं दाखवा आणि किती आहेत ते सांगायला लावा. बघणं जमलं पण सायकल वळली, तर पुन्हा. पाणी पिण्यासाठी मात्र पहिले काही दिवस थांबायचंच.

पहिली राईड

सकाळची, कमी रहदारीची वेळ निवडा. रस्ता सपाट आणि तुमच्या ओळखीचा असावा. अंतर १२ ते १५ किलोमीटर, एक तास. गोल फेरी टाळा, कारण अर्ध्यात थकवा आला तर परतीचाही तेवढाच रस्ता उरलेला असतो. सरळ जाऊन त्याच वाटेने परत या, आणि कुठे वळायचं हे अंतरावर ठरवू नका. पंचवीस मिनिटं झाली की वळा, जिथे असाल तिथून. वारा असेल तर जाताना समोरून घ्या म्हणजे येताना तो पाठीशी असेल. उलट केलंत तर जोडीदार थकलेला असतानाच वाऱ्याशी झगडेल आणि घरी येईपर्यंत पुन्हा कधीही न येण्याचं ठरवलेलं असेल.

पुढे कोणी राहायचं? चौक, वळणं, खराब रस्ता आला की तुम्ही पुढे. मोकळ्या सरळ पट्ट्यावर जोडीदार पुढे आणि तुम्ही जरा अंतर ठेवून मागे. पुढचा माणूस वेग ठरवतो, म्हणून तो ठरवायचा हक्क नव्या माणसाकडे द्या. मागे राहिल्यामुळे सीट कमी-जास्त आहे का, कंबर डुलतेय का, गुडघे बाहेर जातायत का हेही दिसतं. तरी चालत्या सायकलवर शिकवू नका. हाका तीनच ठरवा: ‘खड्डा’, ‘गाडी’, ‘थांबते’. बाकी सगळं उतरल्यावर, आणि एका राईडला एकच सूचना. नवऱ्याला मी कोपरांबद्दल सांगितलं त्या दिवशी गिअरबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि माझ्या मते त्यामुळेच कोपरं सुधारली.

शेजारी-शेजारी चालवत असाल तर एक खोड मोडा. अनुभवी माणूस नकळत अर्धं चाक पुढे राहतो. दुसरा बरोबरीला यायला जोर लावतो, तसा पहिला पुन्हा अर्धं चाक पुढे. कोणी काही बोलत नाही, वेग मात्र वाढत जातो. तुमचं पुढचं चाक जोडीदाराच्या चाकाच्या किंचित मागे ठेवा, आणि वेग योग्य आहे का हे गप्पांवरून ओळखा. पूर्ण वाक्यं बोलता येत असतील तर ठीक. दोन शब्दांत उत्तरं यायला लागली की हळू व्हा.

वेगाचा हिशेब तुम्ही लक्षात ठेवा. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. ताशी २० वरून २५ वर जाताना आकडा पावपटच वाढतो, पण हवेसाठी लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते. तुम्हाला जो ‘जरासा’ वेग वाटतो, त्यात जोडीदाराचा सगळा दम संपू शकतो.

कधीतरी तुम्ही पुढे जाल आणि वाट बघत थांबाल. तेव्हा जोडीदार पोचताक्षणी निघू नका. थांबून तुमची विश्रांती झालेली असते, त्याची सुरूही झालेली नसते. पाणी पिऊ द्या, श्वास बसू द्या, ‘चल’ हे त्याच्या तोंडून येऊ द्या. आणि तुम्हाला घाम गाळायचा असेल तर तो दुसऱ्या दिवशी एकटीने गाळा. एकाच राईडमध्ये स्वतःचा व्यायाम आणि जोडीदाराची ओळख दोन्ही साधायला गेलात तर दोन्ही बिघडतं.

एका तासाच्या राईडला पाणी पुरतं, साधारण अर्धा लिटर. उन्हाळ्यात जास्त. दीड-दोन तासांवर गेलात की तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात पंचवीस-एक ग्रॅम असतात. भूक लागायची वाट बघू नका. अंगातली साखर संपली की हातपाय अचानक गळून जातात, आणि नवशिक्याला त्याचं कारण कळत नाही.

कुठे दुखतंय यावरून काय ओळखायचं

राईडनंतर ‘मजा आली का?’ याच्याआधी ‘कुठे दुखतंय?’ हे विचारा. मांड्या आणि पोटऱ्या दुखणं स्वाभाविक आहे, बसायची जागा पहिले दोन-तीन आठवडे हुळहुळणंही. बाकीची दुखणी सायकलच्या मापाबद्दल काहीतरी सांगत असतात.

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा गिअर जड लावला जातोय. मागून दुखत असेल तर सीट बहुधा जास्त वर आहे. मागून बघताना कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसली तरी तेच. नवशिक्या मिनिटाला ५०-६० फेरे मारत जड गिअर रेटतो, कारण त्याला ताकद लावणं म्हणजेच सायकल चालवणं वाटतं. ८०च्या आसपास फेरे आले की गुडघ्यांवरचा भार उतरतो. आधी ते पाय हवेत फिरल्यासारखे वाटतात आणि सीटवर उसळायला होतं. म्हणून एकदम सांगू नका, दर राईडला दहा मिनिटं एक गिअर हलका ठेवून चालवायला लावा.

तळहात किंवा बोटं बधिर होत असतील तर भार हातांवर येतोय: सीट पुढे झुकलीय, हँडल दूर किंवा फार खाली आहे, नाहीतर पकड तासभर बदललेलीच नाही. रोड बाईकच्या खाली वाकलेल्या ड्रॉप हँडलवर हात ठेवायच्या तीन जागा आहेत, त्या आलटून पालटून वापरायला शिकवा. मान आणि खांदे दुखले तर पुन्हा हँडलचं अंतर तपासा. जांघेत बधिरपणा आला तर तो सहन करायचा विषय नाही. सीटचा कोन आणि रुंदी लगेच बदला, मध्ये खाच असलेली सीट वापरून बघा आणि दर दहा मिनिटांनी काही सेकंद पॅडलवर उभं राहायला सांगा. एका वेळी एकच माप बदला, तेही पाच मिलिमीटरने, आणि आधीचं माप लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर उपयोग कशाचा झाला हे कळत नाही.

चढ, मग उतार

तीन-चार सपाट राईड झाल्यावर छोटा चढ घ्या, पाच मिनिटांत संपेल असा. चढाच्या पायथ्याशी सगळे ताकदीने सुटतात आणि मध्यावर विझतात. जोडीदाराला चढ सुरू होण्याआधीच गिअर उतरवायला सांगा, कारण जोर लागल्यावर चेन अडखळत बदलते. पहिला एक-तृतीयांश चढ मुद्दाम सावकाश, बसूनच. नजर माथ्यावर नको, दहा-पंधरा मीटर पुढे असावी. थांबावं लागलं तर थांबायचं. चढावर पुन्हा सुरू करता येत नाही या भीतीने लोक थांबत नाहीत. म्हणून तेही शिकवा: सायकल रस्त्याला थोडी तिरकी करून, हलक्या गिअरवर, मागे-पुढे गाडी नाही हे बघून. तुम्ही चढावर त्याच्याच वेगाने चाला. पुढे जाऊन माथ्यावर उभं राहिलात तर तो चढ एकट्याने केल्यासारखा होतो.

उतार जास्त जपून. वेग दुप्पट झाला की थांबायला साधारण चौपट अंतर लागतं, आणि हलकी सायकल कळायच्या आत ताशी ४० गाठते. उतारावर हात हँडलच्या खालच्या वाकात न्यायला शिकवा. तिथून ब्रेकवर जोर चांगला येतो आणि वजनही खाली राहतं. पण हे आधी सपाटीवर करून घ्या. खाली वाकल्यावर रस्ता जवळ आल्यासारखा वाटतो आणि पहिल्यांदा माणूस दचकतो.

वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक मोकळे. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली आणि वजन त्यावर. आतलं पॅडल खाली राहिलं तर ते रस्त्याला घासतं. नजर वळण जिथे संपतं तिकडे, कारण जिथे बघाल तिकडे सायकल जाते. लांब उतारावर ब्रेक सतत हलके धरून ठेवू नका, दाबा आणि सोडा. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर सततच्या घर्षणाने रिम तापतो, कार्बनचा रिम तर बिघडूही शकतो. रस्ता ओला असेल तर अशा ब्रेकना पकड यायला क्षणभर उशीर लागतो. पहिल्या उतारांवर तुम्ही पुढे राहा आणि मुद्दाम हळू जा. मागे असलेला जोडीदार तुमचीच रेषा आणि तुमचाच वेग पकडतो.

एकमेकांच्या आडोशाला

पुढच्या सायकलच्या मागे जवळून चालवलं की मागच्याची एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश मेहनत वाचते. असमान ताकदीच्या दोघांना एकत्र चालवण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही: तुम्हाला वारा आणि व्यायाम मिळतो, जोडीदाराला आडोसा. पण हे महिना-दीड महिन्यानंतर, आणि सुरुवातीला एका सायकलच्या लांबीएवढं अंतर ठेवून. तेवढ्यातही फायदा होतो. मागच्याने पुढच्या चाकाकडे बघत बसू नये, पुढच्याच्या कमरेकडे आणि त्यापलीकडच्या रस्त्याकडे बघावं. चाक चाकाच्या बाजूने आत सरकवायचं नाही; पुढचा जरा हलला आणि चाकं एकमेकांना घासली तर पडतो तो मागचा. पुढे असताना तुमची जबाबदारी म्हणजे एकसारखं चालवणं, अचानक ब्रेक न लावणं आणि खड्डा आधी दाखवणं. मागे वळून बघत राहा. अंतर वाढायला लागलं तर ताशी दोन-तीन किलोमीटरने वेग उतरवा, जोडीदाराने सांगण्याची वाट न बघता.

पंक्चर आणि निघण्याआधीची तपासणी

हवा, ब्रेक, चाकांचे लिव्हर नाहीतर आस घट्ट आहेत का, चेन कोरडी तर नाही: निघण्याआधी दोन मिनिटांचं काम, आणि ते जोडीदारानेच करायचं. अरुंद टायरची हवा आठवड्याभरात जाणवण्याइतकी उतरते. बारीक मानेच्या व्हॉल्व्हचा छोटा नट सैल करून, एकदा टिचकी मारून मगच पंप लावायचा. पंक्चर काढायला घरी, बसून, मागच्या चाकावर शिकवा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा तार शोधायला विसरू नका, नाहीतर नवी ट्यूबही शंभर मीटरवर बसते.

क्लीट सगळ्यात शेवटी

पाय पॅडलला अडकवायची व्यवस्था उपयोगी आहे, पण ती जोडीदाराने विचारल्यावर. थांबणं, चढणं-उतरणं आणि गिअर हे डोकं न लावता व्हायला लागले, की त्यानंतर. दोन्ही बाजूंनी अडकणारी, एसपीडी नावाने मिळणारी पॅडलं आणि तळव्यात आत बसणारी क्लीट घ्या, म्हणजे चालताही येतं आणि पॅडल उलटं-सुलटं शोधावं लागत नाही. पॅडलमधली पकड धरणारी स्प्रिंग सगळ्यात सैल ठेवा. क्लीटचा मध्य चवड्याच्या सांध्याच्या किंचित मागे, आणि पाय नैसर्गिकपणे जसा तिरपा पडतो तसाच कोन.

भिंतीला हात टेकवून प्रत्येक पाय टाच बाहेर वळवत निदान तीस वेळा काढू-घालू द्या. मग गवतावर, मग पुन्हा त्याच मोकळ्या जागेत. थांबायचं ठरलं की ब्रेक लावण्याआधी पाय सोडवायचा, आणि दर वेळी तोच पाय. सायकल त्याच बाजूला कलू द्यायची, कारण अडकलेल्या पायाकडे तोल गेला तर सावरायला वेळ मिळत नाही. एका बाजूची सवय पक्की झाली की दुसऱ्या पायाचा सराव सुरू करा. स्प्रिंग मात्र पॅडलवर उभं राहून जोर लावताना पाय आपोआप निसटायला लागला, तरच पाव फेरा आवळा.